भूखंडाची वाट: छोट्या कामाला परवानगी लागते का?

नवी मुंबईत स्वतःच्या भूखंडावर घर बांधायला निघालेल्या माणसाला घराआधी वाट करावी लागते. रस्ता आणि भूखंड यांच्यामध्ये पावसाळी गटार असतं, त्यावर रेतीचा ट्रक पेलेल अशी स्लॅब टाकायची असते. फुटपाथची कड उतरवायची असते, खोलगट जागेत मुरूम टाकून उतार करायचा असतो, कुंपणात गेटची जागा ठेवायची असते. ठेकेदार म्हणतो, एवढ्याशा कामाला कसली परवानगी? शेजारी सांगतो, आम्हीही घेतली नव्हती. आर्किटेक्ट म्हणतो, नकाशात दाखवू. तिघांपैकी आर्किटेक्टचं म्हणणं कायद्याच्या सर्वांत जवळ जातं, पण तेही अर्धंच. नकाशाची हद्द कुंपणापाशी संपते आणि वाटेचं निम्मं काम कुंपणाबाहेर असतं.

या प्रश्नाचं उत्तर कामाच्या आकारावरून काढायला गेलं की माणूस हमखास चुकतो. परवानगी लागते की नाही हे तीन गोष्टींवरून ठरतं: जमीन कोणाची आहे, तिथे घर आधीपासून उभं आहे का, आणि काम कोण करतंय. काम छोटं असलं तर परवानगीची प्रक्रिया हलकी होते. परवानगीची गरज मात्र क्वचितच संपते.

हा प्रश्न कोणाचा?

नवी मुंबई शहर उभारण्यासाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जागा नव्या शहरासाठी ठरली. जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाटा परिसरातल्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. मार्च १९९० आणि ऑक्टोबर १९९४ च्या शासन निर्णयांनी तिला आकार दिला. आज स्वतःचं घर स्वतः बांधणाऱ्यांत या योजनेतले भूखंडधारक आहेत आणि सिडकोच्या निविदेतून बंगल्याचा किंवा रो-हाउसचा छोटा भूखंड घेतलेली कुटुंबंही आहेत. विकासकाकडे वास्तुविशारद, सल्लागार, फायली फिरवणारी माणसं असतात. एकट्या भूखंडधारकाकडे यांतलं काही नसतं, म्हणून वाटेसारखा साधा प्रश्न त्याला अडवतो.

घर हळूहळू, स्वतःच्या ऐपतीप्रमाणे वाढवण्याची कल्पना या शहरात मुरलेली आहे. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात बेलापूरला आखलेल्या वसाहतीत, ज्याला लोक आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात, प्रत्येक घराला स्वतःची जागा होती आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत नव्हती. पुढे ज्याला जमेल तसं त्याने वाढवावं, हा त्यामागचा विचार. मात्र सात घरांच्या गटामध्ये आठ मीटर बाय आठ मीटरचं एक सामाईक अंगण होतं आणि प्रत्येकाची वाट त्या अंगणातून जाई. घर ज्याचं त्याचं आणि वाट सगळ्यांची, हा भेद तिथे आखणीतच होता. पुढचा सगळा कायदाही याच भेदावर उभा आहे.

कायद्याची चौकट

मूळ कायदा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. त्यातली विकासाची व्याख्या फार रुंद आहे. जमिनीवर, जमिनीच्या वर किंवा खाली केलेलं बांधकाम, अभियांत्रिकी काम, खोदकाम, तसंच जमिनीत किंवा तिच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदल, हे सगळं विकासात येतं. इतके चौरस मीटर किंवा इतके रुपये यांच्या खाली सूट, असं त्या व्याख्येत काही नाही. कलम ४३ सांगतं की नियोजन प्राधिकरणाच्या लेखी परवानगीशिवाय असा विकास करता येणार नाही. गटारावरची स्लॅब, भराव घालून केलेला उतार, कंपाउंडची भिंत ही कामं या व्याख्येबाहेर ठेवणं अवघड आहे.

त्याच कलमात सवलतींची यादी आहे आणि छोट्या कामाचं खरं उत्तर तिच्यात आहे. असलेल्या इमारतीची देखभाल, सुधारणा किंवा फेरफार, ज्याने बाहेरच्या रूपात महत्त्वाचा फरक पडत नाही, त्याला परवानगी नको. राहत्या घराला लागून असलेली जागा त्या राहण्याला पूरक कामासाठी वापरली तर परवानगी नको. शेतीच्या नेहमीच्या कामातली खोदाई, विहिरीसकट, मोकळी आहे. केवळ शेतीसाठी जमिनीपर्यंत जाणारा रस्ता करायलाही परवानगी लागत नाही. सरकार किंवा स्थानिक संस्था रस्त्याच्या हद्दीत रस्त्याची दुरुस्ती-सुधारणा करत असेल, किंवा गटारं, जलवाहिन्या, केबल यांच्या दुरुस्तीसाठी रस्ता खोदत असेल, तर तेही मोकळं आहे.

ही यादी रिकाम्या भूखंडाच्या नजरेतून वाचली की अडचण दिसते. पहिल्या दोन सवलती घर आधीच उभं असल्याचं गृहीत धरतात. घर असेल तर अंगणात पेव्हर ब्लॉक बसवणं, जुनं गेट बदलणं, पायऱ्यांची दुरुस्ती करणं या सवलतींच्या आधाराने करता येण्यासारखं आहे. भूखंडावर अजून वीटही रचलेली नसेल तर तो आधार मिळत नाही. रस्ता आणि गटाराच्या कामांची सवलत आहे ती सार्वजनिक संस्थांना, खासगी माणसाला नाही. गटारावरची तीच स्लॅब महापालिकेने टाकली तर नियोजन परवानगीचा प्रश्न येत नाही. भूखंडधारकाने स्वतः टाकली तर येतो.

शेतरस्त्याच्या सवलतीत ‘केवळ शेतीसाठी’ हे शब्द निर्णायक आहेत. नवी मुंबईच्या कडेने, पनवेल-उरणच्या गावांत, शेतजमीन घेऊन आधी रस्ता आणि मागून बंगला करण्याची चाल दिसते. बंगल्यासाठी केलेला रस्ता शेतरस्ता ठरत नाही. शेतीची जुनी वहिवाट कोणी अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, आणि बांधावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ चा मार्ग आहे. हे दोन्ही उपाय शेतकऱ्यासाठी आहेत, बांधकामाच्या ट्रकसाठी नाहीत.

कुंपणाच्या आत

२ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मुंबई महापालिका आणि काही अपवाद सोडून राज्यभर लागू आहे. वाटेशी संबंधित तिचे नियम साधे आहेत आणि ते पाळायला खर्चही येत नाही. कंपाउंडची भिंत समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून दीड मीटरपर्यंत उंच चालते. वरचा ०.९ मीटरचा भाग जाळीचा ठेवला तर ती २.४ मीटरपर्यंत नेता येते. कोपऱ्यावरच्या भूखंडाला वळणापाशी दहा मीटरपर्यंत भरीव भिंत पाऊण मीटरच्या वर नेता येत नाही, कारण वळणावरचं वाहन समोरच्याला दिसलं पाहिजे. गेट पूर्णपणे आतच उघडलं पाहिजे. रस्त्यावर किंवा फुटपाथवर उघडणारं गेट चालत नाही. गेट, भिंत, रॅम्प आणि गाडी उभी करायची जागा मंजुरीच्या नकाशातच दाखवली की वेगळा अर्ज लागत नाही. वाटेच्या परवानगीचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि तोच बहुतेक जण सोडून देतात.

म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी किंवा चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प हवा असेल तर त्याचा हिशेब जोत्याची उंची ठरवतानाच करावा. उतार एकास बारा धरतात. जोतं ४५ सेंटिमीटर उंच ठेवलं तर रॅम्पची लांबी ५.४ मीटर होते. छोट्या भूखंडाला पुढचं सामासिक अंतर त्याहून बरंच कमी असतं. म्हणून घर झाल्यावर सुचलेला रॅम्प सरळ फुटपाथवर उतरतो आणि ज्यांना चालायला त्रास होतो अशा दुसऱ्या कोणाची तरी वाट अडवतो. नकाशाच्या वेळीच तो भिंतीलगत वळवून घेतला तर आतल्या आत बसतो.

कुंपणाच्या बाहेर

गेटपासून डांबरापर्यंतची पट्टी ही सगळ्या प्रश्नाची गाठ आहे. ती जमीन भूखंडधारकाची नाही. इमारतीची परवानगी, म्हणजे सीसी, हातात आली म्हणून त्या पट्टीवर काम करण्याचा हक्क मिळत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चं कलम २२९ महापालिका आयुक्तांच्या परवानगीशिवाय रस्त्यात किंवा रस्त्यातल्या गटारावर भिंत, कुंपण, कठडा, खांब, पायरी असं काहीही उभारायला मनाई करतं. घरापुढच्या एका पायरीचाही कायद्याने विचार केला आहे. कलम २३१ नुसार असं बांधकाम आयुक्त नोटिशीशिवाय काढू शकतात.

नवी मुंबईत ही सक्ती जास्त गरजेची आहे. शहराचा मोठा भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून उभा आहे. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी खाडीत सोडता येत नाही, म्हणून धारण तलाव बांधले आहेत आणि रस्त्याकडेची गटारं पाणी त्यांच्याकडे नेतात. एका गेटपुढे गटारात विटा-सिमेंट भरून पक्का उतार केला की त्या जागी पाण्याचा काटछेद कमी होतो. ओळीतल्या प्रत्येक घराने तसंच केलं की जुलैतल्या भरतीच्या दिवशी पाणी सगळ्यांच्या जोत्याशी येतं. वरून कायमची बंद केलेली स्लॅब आणखी त्रासाची, कारण गाळ काढायला माणूस खाली उतरू शकत नाही. त्यामुळे उचलता येणारी फरशी, जाळीचं झाकण आणि गटाराचा पूर्ण काटछेद मोकळा ठेवणं या तीन गोष्टी कोणत्याही परवानगीत असायलाच हव्यात.

फुटपाथचंही तसंच आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूत्रांप्रमाणे पदपथाची कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी मिळावी. गाडीच्या चढासाठी अख्खा फुटपाथ खाली उतरवायची गरज नसते. चढ कडेच्या पट्टीत बसवायचा आणि चालण्याची पातळी अखंड ठेवायची. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये चालण्याजोग्या पदपथाचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये येतो असं सांगून राज्यांना मार्गदर्शक तत्त्वं करायला लावली. त्यानंतर गेटपुढच्या उताराकडे कोणाचीही खासगी सोय म्हणून बघता येत नाही.

रस्ता किंवा फुटपाथ खोदायचा असेल तर खोदकामाची वेगळी परवानगी घ्यावी लागते आणि रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क भरावं लागतं. खाली जलवाहिनी, महावितरणच्या केबल आणि महानगर गॅसची नळी असते. मोजमाप न करता केलेला एक फटका शेजारच्या इमारतींचं पाणी किंवा वीज घालवू शकतो. पावसाळ्याच्या तोंडावर अशी खोदाई थांबवली जाते, म्हणून वाटेचं काम त्याच्या बरंच आधी आटोपणं शहाणपणाचं.

भूखंड राष्ट्रीय महामार्गाला लागून असेल, उदाहरणार्थ पळस्पे-जेएनपीटी मार्गावर, तर नियम आणखी कडक होतात. राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायदा, २००२ प्रमाणे महामार्ग प्रशासनाच्या परवानगीशिवाय वाहनाने महामार्गावर येण्याचा हक्कच कोणाला नाही. तिथे स्थानिक मंजुरी कितीही पक्की असली तरी तेवढ्याने वाट मिळत नाही.

अर्ज कोणाकडे?

नवी मुंबईत हा प्रश्न पत्त्यागणिक बदलतो. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिका आहे. ती १ जानेवारी १९९२ रोजी सुरू झाली आणि १९९४ च्या अखेरीस तिला नियोजनाचे अधिकार मिळाले. तिथे नकाशा नगररचना विभागात जातो आणि रस्त्याची परवानगी अभियांत्रिकी विभागाकडून मिळते. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल इथे बांधकाम परवानगी सिडको देते. नागरी सेवा मात्र २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेकडे टप्प्याटप्प्याने गेल्या आहेत. उलवे आणि द्रोणागिरीत दोन्ही कामं सिडकोकडे आहेत. तुर्भे-महापे-रबाळे पट्ट्यात औद्योगिक विकास महामंडळ स्वतःच नियोजन प्राधिकरण आहे. विमानतळाच्या अवतीभवतीचं नैना क्षेत्र एकत्रित नियमावलीतून वगळलं होतं, तिथे कोणती नियमावली लागू आहे हे वेगळं तपासावं. एकच उतार, एकच फरशी, पण खारघरचा माणूस दोन दारं ठोठावतो आणि उलव्याचा एक.

याशिवाय जमिनीचा मालक आहेच. सिडकोचा भूखंड साधारणपणे ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो. आधी भाडेपट्ट्याचा करार होतो आणि घर पूर्ण झाल्यावर पट्टा होतो. बांधकाम चार वर्षांत पूर्ण करण्याची अट असते, मुदत ओलांडली तर जादा अधिमूल्य भरावं लागतं. महापालिकेने नकाशा मंजूर केला तरी कराराच्या अटी सुटत नाहीत. म्हणून पहिला कागद वाचायचा तो करार. भूखंडाचं प्रवेशाचं तोंड कोणत्या रस्त्याकडे दाखवलं आहे, हे करारासोबतच्या नकाशात बघावं. कोपऱ्याच्या भूखंडाला दोन रस्ते लागतात म्हणून दोन गेटं काढता येतील असं गृहीत धरू नये.

झाड, खाडी आणि मुरूम

गेटच्या ओळीत झाड आलं तर १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. झाड तोडून मग अर्ज करणं हा उपाय नाही. बहुतेक वेळा गेट मीटरभर सरकवलं तरी भागतं.

खाडीजवळच्या भूखंडाला सागरी किनारा नियमनाची अधिसूचना पाहावी लागते. कांदळवनाच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या अंतरिम आदेशात आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट बंधन घातलं: कांदळवनात राडारोडा टाकायचा नाही आणि त्याच्या भोवतीच्या पन्नास मीटरांत बांधकाम करायचं नाही. दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली अशा खाडीकाठच्या गावांजवळ वाटेसाठी टाकलेला एक डंपर भरावही यात सापडू शकतो. इथे काम छोटं होतं हा बचाव चालत नाही.

मुरमाचा हिशेब अनेकांच्या ध्यानात नसतो. पायाच्या खोदाईत निघालेली माती त्याच भूखंडावर सपाटीकरणाला वापरली तर काय, हा वाद पुण्यातल्या बिल्डरांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात नेला होता. २०१४ च्या निकालाने अशा वापरावर स्वामित्वधन लावण्याची महसूल खात्याची भूमिका मान्य केली नाही. बाहेरून आणलेल्या मुरमाला मात्र वाहतूक परवाना लागतो. तो पुरवठादाराकडून मागून घेऊन जपून ठेवावा.

छोट्या भूखंडाची सोय आणि एक गैरसमज

नियमावलीने छोट्या भूखंडधारकाला खरी सवलत दिली आहे ती वेळेची. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर ठरलेल्या नमुन्यात नकाशा आणि शुल्क दिलं की पावतीच परवानगी धरली जाते. दीडशे ते तीनशे चौरस मीटरच्या भूखंडांना दहा दिवसांत मंजुरी द्यायची आहे. बाकीच्यांना साठ दिवसांचा नियम आहे. प्रस्ताव नियमांत तंतोतंत बसत असेल आणि तेवढ्या दिवसांत उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाल्याचं मानलं जातं. बांधकामाचं सामान ठेवायची शेड आणि राखणदाराची खोली यांना मुदतीची तात्पुरती परवानगी मिळते.

गैरसमज आहे तो सुरुवातीबद्दल. सीसी एक वर्ष चालते आणि वर्षावर्षाने आणखी तीन वर्षं वाढवता येते. गेट लावलं, रस्ता केला, म्हणजे काम सुरू झालं आणि परवानगी टिकली, असं अनेकांना वाटतं. नियमावलीत इमारतीची सुरुवात म्हणजे जोत्यापर्यंतचं बांधकाम. वाट कितीही पक्की केली तरी ती सीसी वाचवत नाही. इंग्लंडमध्ये पायासाठी चर खणणं किंवा रस्त्याचा भाग आखणंही सुरुवात म्हणून चालतं. तिथल्या लेखांवरून आणि चित्रफितींवरून शिकणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. इंग्लंडकडून घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. परवानगीमुक्त कामासाठी दुय्यम रस्त्यावर प्रवेशवाट काढायला तिथे वेगळी नियोजन परवानगी लागत नाही, पण पदपथाची कड उतरवण्याचं काम रस्त्याच्या प्राधिकरणाच्याच हातात राहतं.

चुकीची किंमत

परवानगीशिवाय केलेल्या विकासाला १९६६ च्या कायद्याच्या कलम ५२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दोन ते पाच हजार रुपये दंड आहे. कलम ५३ खाली जागा पूर्ववत करण्याची नोटीस येऊ शकते. गेटपुढच्या उतारासाठी कोणी तुरुंगात जाईल असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. खरा फटका शेवटी बसतो. घर पूर्ण होतं, भोगवटा प्रमाणपत्रासाठी, म्हणजे ओसीसाठी, पाहणी होते, मंजूर नकाशा आणि जागेवरची परिस्थिती जुळत नाही, आणि कुटुंब नव्या घराच्या दारात थांबतं.

म्हणून क्रम पाळावा. आधी करार आणि त्याचा नकाशा वाचावा. मग गेट, भिंत, रॅम्प आणि गटारावरची ओलांडणी, चारही गोष्टी आर्किटेक्टकडून मंजुरीच्या नकाशात दाखवून घ्याव्यात. त्याच दिवशी रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे गटारावरच्या फरशीसाठी आणि खोदाईसाठी वेगळा लेखी अर्ज द्यावा आणि पोचपावती घ्यावी. ट्रक त्यानंतर बोलवावा. तोंडी होकार कोणाचाही असला तरी तो होकार म्हणून धरू नये, कारण अधिकारी बदलतो आणि फाइल तेवढी उरते.

भूखंडधारकाने हे केलं तरी प्रश्नाचा मोठा हिस्सा प्राधिकरणांकडेच राहतो. गेटपुढच्या ओलांडणीचा एकच नमुना आराखडा नवी मुंबई महापालिका, पनवेल महापालिका आणि सिडको यांनी मिळून ठरवता येण्याजोगा आहे. फरशीची रुंदी आणि जाडी, जाळीची जागा, गटाराचा मोकळा काटछेद आणि फुटपाथची अखंड पातळी, एवढं त्यात असलं तरी पुरे. तो आराखडा मराठीत छापून सीसीसोबतच द्यावा. ठरलेलं शुल्क घेऊन ओलांडणी संस्थेनेच बांधून दिली तर त्याहून चांगलं, कारण कायद्यातली सवलत तिलाच आहे आणि गटाराची पातळीही तिलाच ठाऊक असते. साडेबारा टक्क्यांचा भूखंड घेणाऱ्या कुटुंबाने या शहरासाठी आपली शेती दिली आहे. त्याच्या घरापर्यंतची चार मीटरची वाट नियमाप्रमाणे कशी करायची, हे त्याला एका कागदावर लिहून देणं या तिन्ही संस्थांचं कर्तव्य आहे.